वाऱ्याखालची जमीन

मास्तरांनी माझ्या हातात पेटत्या गोवऱ्यांचे मडके दिले आणि मला शाळेच्या पटांगणात मधोमध उभे केले. बाकीची पोरे ओसरीवर, सावलीत. मडके तापत गेले. खाली ठेवायची परवानगी नव्हती.

"धूर कुठं चाललाय?" मास्तरांनी विचारले.

"नदीकडं."

"मग ह्याची वस्ती कुठं मांडायची?"

"नदीकडं!" पोरे ओरडली.

एक जण म्हणाला, "मास्तर, वारा फिरला तर?"

"तर ह्यालाबी फिरवू."

सगळे हसले. माझी बोटे भाजली होती. तरी मी मडके सोडले नाही. मला वाटत होते, हेही शिक्षणच असेल.

बीडमध्ये निजाम सरकारचा अंमल होता आणि हा पैमाईशीचा वर्ग होता. जमीन मोजायची, नकाशा काढायचा. प्लेगात माणसे मेली, तेव्हापासून गाव नव्याने मांडायचे चालले होते. रस्ते रुंद हवेत, घराघरांत अंतर हवे, हवा खेळती हवी. पुस्तकात हवा सगळ्यांची होती. मास्तरांनी तिची वाटणी केली. गावावरून गेलेला वारा महारवाड्यावर यावा. महारवाड्यावरून आलेला वारा गावात शिरू नये. हे कुठल्याच पुस्तकात छापलेले नव्हते. पण सगळ्यांना पाठ होते.

मी महार. मी खिडकीबाहेर बसून शिकलो. नकाशाच्या फळीला मला हात लावू देत नसत. मोजणीची साखळी मात्र धरायला देत, आणि मी सोडली की तिच्यावर पाणी ओतत. रोज ओतत. साखळीला गंज चढला. मास्तरांनी ती पोरांना दाखवली.

"बघा. ह्याचा हात लागला की लोखंडबी सडतं."

ओल्या लोखंडाचे काय होते ते मला ठाऊक होते. पोरांनी मान डोलावली. त्यांनी ते खरेच मानले, याचे मला आजही भय वाटते.

मायला यातले काही सांगितले नाही. ती बायकांना सांगे, "माझं लेकरू सरकारी इल्म शिकतंय." माझी पाटी ती पदराने पुसायची. तिला एक अक्षर येत नव्हते.

आमचा महारवाडा वेशीबाहेरच्या टेकाडावर आहे. ती जागा नव्या बाजाराला हवी झाली. आम्हाला धूर गेला तिकडे, बिंदुसरा नदीच्या काठच्या खोलगटात जायचे होते. तिथल्या बाभळींना मागच्या पुराचा पालापाचोळा अडकलेला आहे. माणसाच्या डोक्याच्या वर. मी मास्तरांना म्हणालो, तिथे पाणी येते. ते म्हणाले, "पाणी कुठं शिवाशिव पाळतं? येऊ दे."

महारवाडा मोजायचा दिवस ठरला. त्याच सकाळी माय गेली. ताप होता. तिला बोलताही आले नाही. मी तिचे डोळे मिटले आणि बाहेर आलो. मास्तर आणि पोरे वाड्याच्या कडेला छत्र्या उघडून उभे होते. आत कुणी आले नव्हते.

"मास्तर, माय गेली."

"कधी?"

"आत्ता. सकाळी."

मास्तरांनी थोडा विचार केला. मग पोरांकडे वळून म्हणाले, "एक खोपट कमी मांडा."

मग माझ्याकडे साखळीचे टोक फेकले. "धर बे. उन्हाच्या आत उरकू. मढं कुठं पळून जातंय?"

साखळी माझ्या पायाशी पडली. मी वाकलो नाही.

"न्हाई."

"काय म्हनला?"

"धरनार न्हाई."

"तुला शिकवलं कावून मग?" मास्तर ओरडले. "ह्या उकिरड्यात आमी पाय टाकावा म्हनून?"

तेव्हा कळले. मी हुशार म्हणून मला घेतले नव्हते. माझ्या माणसांना टेकाडावरून उठवायचे माप आमच्या अंगणात येऊन घेणारा हात त्यांना हवा होता. माझी अक्षरे, माझी गणिते, भाजलेली बोटे, सगळे या एका सकाळसाठी होते.

मास्तरांनी छत्रीने मारले नाही. छत्री बाटली असती. त्यांनी साखळी ओढून घेतली आणि माझ्या तोंडावर भिरकावली. भुवई फुटली. एक पोर म्हणाले, "आता धुवा परत." पुन्हा सगळे हसले. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि मायच्या उशाशी जाऊन बसलो.

तिला पुरले. आता सुतक आहे. हात रिकामे आहेत, म्हणून थोडे थोडे लिहितो आहे.

काल मामा आला. मायचा थोरला भाऊ. दाराशी बसून रडला आणि मग म्हणाला, "बाबा, सरकारसंगं कोन भांडतं? लई मार पडंल. जाऊ नदीला. जीव तर राहील."

"पुरात न्हाई राहायचा, मामा."

"तू मोजलं न्हाई तर दुसरा मोजील."

"कोन?"

वाड्यात माप घ्यायला येईल असा दुसरा माणूस त्या वर्गात नाही, हे मामालाही ठाऊक होते.

वर्गातून माझे नाव काढले आहे. तहसिलीतून शिपाई येऊन गेला. वेशीपलीकडून ओरडून गेला की झोपड्या उतरवा, नाहीतर घोडेस्वार येतील. मी घराघरात गेलो. कुणी झोपडीची मेढ उपटायची नाही, कुणी चूल हलवायची नाही, त्यांची साखळी कुणी धरायची नाही, असे एकेकाला सांगितले. काही हो म्हणाले. काहींनी दार लावून घेतले.

लावू द्या. मी उद्या पुन्हा जाईन.

आमच्या अंगणाचा विटाळ त्यांनी ठरवला आहे. आता तो त्यांनीच ओलांडावा. ज्याला हे टेकाड हवे आहे, त्याने स्वतःच्या पायांनी आत यावे आणि मला इथून उचलावे. मला हात लावून.