घरात नसलेलं मुसळ

भूत, चकवा, मूठ मारणं असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली आहे, हे आधीच सांगून टाकतो. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावरच्या ज्या चिंचेखाली लोक दिवसाही जात नसत, तिच्याखाली बसून मी चिंचा खाऊन दाखवल्या आहेत. त्यामुळे भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून गावची मंडळी हसतील. हसोत. ऐंशी ओलांडली, आता भ्यायचं कोणाला?

गाव दवनीवाडा. साल सत्तावन्न-अठ्ठावन्न. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही भंडाऱ्यात मोडायचो. घरची धानाची शेती आणि मी कादंबरीकार! उद्गारचिन्ह मुद्दाम दिलं आहे. पुण्याच्या एका प्रकाशकाने माझी आधीची कादंबरी परत पाठवली होती... भाषा ग्रामीण आहे, वाचक मर्यादित राहतील म्हणे. मी म्हटलं, मर्यादित तर मर्यादित, त्या वाचकांच्या दारात मीच जातो. धान विकून कागद घेतला आणि नवी कादंबरी, लिहून होईल तशी, गोंदियाच्या एका प्रेसवर स्वतःच छापायला दिली. विकायची जागाही ठरलेली होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते — दुकानं, पाहुणे, रात्रभर दंडारीचं नाटक. बैलबंडीत पुस्तकं भरायची आणि एका मंडईतून दुसऱ्या मंडईत जायचं. कादंबरी विकायला बैल जुंपणारा मराठीत मी पहिलाच असेन. दुसरा कोणी असेल तर त्याने कळवावं.

आता माझी लिहिण्याची रीत. माझी बायको यमुना, तिला अक्षरओळख नव्हती. दुपारी ती परसातल्या उखळात धान कांडायची आणि मी ओसरीवर बसून तिला नवं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायचो. धप... धप... मुसळ चालूच राहिलं की समजायचं, प्रकरण फसलं, फाडा. वाचता वाचता मुसळ थांबलं की जमलं. तोंडाने ती कधी 'चांगलं' म्हणाली नाही. एकदा मी चिडून विचारलं, "काऊन वं, तिकडे भागरथी रडून रायली अन् तू कांडून रायली?"

"ते पुस्तकात रडून रायली जी," ती म्हणाली. "मले संध्याकाडी भात रांधाचा हाय."

पानं फाडली. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन कसं चालेल?

भागरथी म्हणजे माझी नायिका. तिचा नवरा नागपूरच्या गिरणीत कामाला म्हणून जातो आणि परतच येत नाही. ती एकटी बांध घालते, चिखलात धानाचा रोवणा करते, शेत उभं करते. आणि कित्येक वर्षांनी तो एका संध्याकाळी दारात उभा राहतो. इथपर्यंत मी लिहिलं, वाचलं, आणि मुसळ थांबलं. मला कोण आनंद झाला! पण त्याच पावसाळ्यात, रोवणा आटोपल्यावर, यमुनेला तापाने धरलं. तापातही तिने विचारलं, "मंग? तो दारात उभा हाय. भागरथी काय करते?"

"तू बरी हो, मंग सांगतो," मी म्हणालो. खरं तर मलाच ठाऊक नव्हतं.

ती बरी झाली नाही.

तेरवीला चिचगडहून तिची मोठी बहीण आली होती. ते मुसळ मला बघवेना. मी म्हटलं, "बाई, हे घेऊन जा." ती घेऊन गेली. मागे राहिलं जमिनीत पुरलेलं रिकामं उखळ. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, पुढे कामाला येईल.

दसरा झाला. बाकी सगळं पुस्तक छापून झालं होतं, शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांचा जुळवलेला टाइप, तेवढा अडला होता. प्रेसवर गेलो की सेठ कपाळाला हात लावायचे, "भाई साहब, आखरी चैप्टर कब दोगे? आधा टाइप आपके फर्मे में फँसा पड़ा है, मुझे शादी के कार्ड छापने हैं!" दिवाळीपर्यंत पुस्तक झालं नाही तर मंडया हुकणार, आणि मंडया हुकल्या की पुस्तक माळ्यावर, उंदरांच्या हवाली.

मग लिहिलाच शेवट. असा जोरदार की पुण्यालाही रडू फुटलं असतं. भागरथी पतीच्या चरणी कोसळते, अश्रूंचा अभिषेक करते आणि तिथेच प्राण सोडते. भर दुपारी, जुन्या सवयीने, ओसरीवर बसून मोठ्याने वाचू लागलो.

धप... धप... धप...

परसातून आवाज येत होता. आणि खोटं कशाला सांगू, मला आधी भीती वाटलीच नाही, राग आला! इतक्या वर्षांची सवय. "आता तरी थांब वं," असं बोलून गेलो... आणि अंगावर काटा आला. उठून परसात गेलो. उखळ रिकामं, आत वाळलेला पाला. माणूस नाही, मुसळ नाही. परत येऊन बसलो, वाचू लागलो, तर पुन्हा धप... धप...

कान वाजत असतील म्हणून तो दिवस सोडला. पण पानं मात्र फाडली. दुसरा शेवट लिहिला. यात भागरथी नवऱ्याला दारातच उभं करून स्त्रीच्या स्वाभिमानावर पानभर भाषण देते. मला स्वतःला फार आवडला होता. मुसळाला नाही आवडला. तेव्हा मी परसाकडे तोंड करून ओरडलो, "मंग तूच सांग, काय करते ते!"

आणि बसल्या बसल्या एक आठवलं. लग्नानंतर एकदा मी घरी न सांगता कादंबरी काखेत मारून नागपूरला निघून गेलो होतो. बऱ्याच दिवसांनी तोंड पाडून परत आलो, तर यमुनेने एक शब्द विचारला नव्हता. पाय धुवायला पाणी ठेवलं होतं आणि आत गेली होती.

तिथल्या तिथे लिहिलं आणि वाचलं. धप... धप... चालूच होतं. भागरथी नवऱ्याकडे बघते. बोलत नाही. पाण्याचा लोटा उंबऱ्यावर ठेवते, आत जाते आणि चुलीवरच्या हंडीत आणखी एक मूठ तांदूळ टाकते.

मुसळ थांबलं.

तेवढ्यात शेजारच्या कौसल्यावहिनी कुडावरून डोकावल्या. "भाऊजी, कोन कांडून रायलं होतं जी तुमच्या घरी? अन् मधातच कायले थांबलं?"

ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडलो, आणि मग पानं घेऊन गोंदियाला सुटलो.

पुस्तक दिवाळीला तयार झालं. चिचगडच्या मंडईत बंडीवर उभं राहून मी शेवटचं पान वाचलं, तेव्हा कासारणीपुढे हात धरून बसलेल्या बायांच्या बांगड्या मनगटावरच अडकून राहिल्या. बंडी रिकामी करूनच परतलो... रिकामी म्हणजे, एक मुसळ होतं तिच्यात. बाईच्या, यमुनेच्या बहिणीच्या, घरी ते कोपऱ्यात उभं होतं. कांडायला तिचं स्वतःचं वेगळं होतं, बहिणीच्या मुसळाला तिने हातही लावला नव्हता. मी ते घरी आणलं.

माझे एक मास्तर मित्र म्हणाले, वाऱ्याने राइस मिलच्या इंजिनाचा आवाज आला असेल. असेल बापा. पण वाक्य बघून थांबणारं इंजिन मी अजून पाहिलेलं नाही. दुसरं स्पष्टीकरण माझ्याकडेही नाही.

पुढे मी आणखी कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या स्वतः छापल्या, प्रत्येकीचा शेवट परसाकडे तोंड करून वाचला. एकदाही धप झालं नाही. लोक म्हणतात, म्हणजे तिला सगळ्या आवडल्या. छे! त्यातल्या एक-दोन इतक्या पडेल आहेत की यमुनेने मुसळाने परस दणाणून सोडलं असतं. ती तिथे नाही, एवढंच. तिला भागरथीचं काय झालं ते ऐकायचं होतं. ऐकलं, आणि गेली.

पुण्याचे मोठमोठे लेखक आहेत, त्यांच्या हजारो प्रती खपतात. पण मेल्यावरही शेवट ऐकायला थांबलेला वाचक... एक तरी दाखवा म्हणावं.