चिखल्याच्या काकांची वीत

आमच्या कचेरीत आता संगणकाचा प्रोग्राम आहे. रिग्रेशनच्या, म्हणजे काही गोष्टींवरून दुसरीचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणात माहितीचा कोणता रकाना ठेवायचा, कोणता काढायचा, ते तोच ठरवतो. मी त्याला मनोमन मुजरा करतो, कारण साठच्या दशकात डहाणूला तो प्रोग्राम म्हणजे मी होतो!

मी शेतकी कचेरीतला तात्पुरता गणक, म्हणजे आकडेमोड करणारा. चिकूचं पीक कशावरून आधी सांगता येईल ते शोधायचं: पाऊस, खत, खोडाचा घेर, झाडाचं वय. मार्चअखेर समीकरण निघालं नाही, तर माझी जागा रद्द. आणि याच नोकरीच्या जोरावर नव्या सासुरवाडीत मी 'जावईसाहेब' झालो होतो.

जवळच्या चिखले गावी चिकूच्या वाडीत गेलो. खाऱ्या हवेने कचेरीची पोलादी टेप डबीतच गंजून बसलेली. वाडीवाले काका म्हणाले, "टेप कशाला? मी आहे ना!" त्यांनी खोडाभोवती वितीवर विती टाकल्या, मी घेर लिहिला. वय विचारलं की काका डोळे मिटत, ओठ हलवत आणि आकडा सांगत. प्रत्येक झाडाचा! काय ती स्मरणशक्ती!

कचेरीत हाताने फिरवायचं गणनयंत्र होतं. भागाकाराला हँडल उलटं फिरवत राहायचं, घंटी वाजली की थांबायचं. मी फिरवू लागलो. घंटी वाजेना. चहा आला, निवला. घंटी वाजेना.

मागून साहेब म्हणाले, "अहो, विहिरीचं पाणी काढताय का?"

"यंत्र बिघडलंय, साहेब."

त्यांनी भाजक पाहिला. नुसती शून्यं! फिरवण्याच्या भरात ती मला दिसलीच नव्हती. "यंत्र शहाणं आहे. तुमचे दोन रकाने एकच गोष्ट सांगताहेत, म्हणून भाजक शून्य झाला; शून्याने भागून घंटी कशी वाजेल? चला चिखल्याला."

तिथे त्यांनी विचारलं, "काका, एवढ्या झाडांची वयं लक्षात कशी राहतात हो?"

"लक्षात? झाडं बापाने लावली, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो! एका वितीला पाच वर्षं धरायची. आमच्याकडे सगळे तसंच सांगतात."

साहेब बांधावर बसून हसत सुटले. "म्हणजे काकांची वीतच दोनदा लिहून आणलीत तुम्ही!"

वयाचा रकाना काढला, सगळं गणित नव्याने मांडलं आणि हँडल धरलं. फिरवलं, फिरवलं... टण्ण! अंतरपाट दूर झाला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. हे घरी सांगू नका.

साहेब मला हाकलू शकले असते. त्याऐवजी त्यांनी मला वाडीत नेलं, आणि परतल्यावर अहवालावर माझंही नाव घातलं. एप्रिलमध्ये मी त्याच खुर्चीत होतो. काकांनी दिलेली चिकूंची टोपली घेऊन सासुरवाडीला गेलो. जावईसाहेब म्हणूनच!