चंद्री मरायची न्हाय!

किस्से गोठ्यातल्या शेणासारखे असतात. रोज काढा, सकाळी परत तेवढेच! त्यात मी एका रडक्या सिनेमाला लाईट धरलेला माणूस. पन्नास वर्षं झाली, अजून उपसतोय.

सिनेमा लहान पोरांच्या एका कादंबरीवरचा. अनाथ पोरगी, तिचं म्हशीचं रेडकू, दुष्काळ, आणि शेवटी रेडकू मरतं. वाचणारा रडलाच पाहिजे असं पुस्तक! मी चौथी नापास, काही वाचलं नाही. कव्हर तेवढं पाठ होतं, कारण आमचे डायरेक्टरसाहेब दुपारी तेच उशाला घेऊन झोपायचे.

रेडकू मंगळवार पेठेतल्या अक्काताईचं. नाव चंद्री. अक्काच्या गोठ्यात चार म्हशी, पण पोरबाळ नव्हतं, चंद्री हीच लेक.

"न्या की," अक्का म्हणाली, "पर चंद्री मरायची न्हाय. खोटं खोटं बी न्हाय!"

साहेब माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी चंद्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, "न्हाय मरायची, अक्का." माझ्या शपथेची लायकी सगळ्या पेठेला ठाऊक होती, एक अक्का सोडून!

*

गोष्टीत रेडकू रोज वाळत जातं. पण शूटिंग पडलं कोल्हापुरात! बघायला येणारा प्रत्येक जण चंद्रीसाठी काहीतरी आणायचा. पेंड, गूळ, भाकरी. पेठ वडगावचं एक पावणं तर सायकलला हिरवा चारा बांधून आलं. दुष्काळाचा सीन येईपर्यंत चंद्री दारातनं आत मावेना!

साहेब ओरडले, "अरे, हिच्या अंगावर दुष्काळ दिसला पाहिजे!"

मेकअपवाले बाबूलालभाई राख आणि पावडर घेऊन बसले. दोन तास खपून त्या काळ्या अंगावर एकेक बरगडी काढली. काय झकास हाडं! साहेब "लाईट" म्हणणार, तेवढ्यात अक्का आली.

"माझ्या लेकराला गोसावी केलासा व्हय?"

आणि बादलीभर पाण्यानं चंद्रीला घासून धुतली की! उरलेली बादली बाबूलालभाईंवर.

सिनेमा नीट बघा. दुष्काळ वाढतोय तशी चंद्री गुबगुबीत होत जाते!

*

पोरगीचं काम करायची आमच्याच गल्लीतली शालन. वय नऊ. तिला रडूच येईना. साहेब तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि स्वतःचेच डोळे पुसत म्हणाले, "बाळ, समज, तुझी आई वारली."

"आई थितं भजी खातीया की!"

साहेब हरले. मग मी तिच्या कानात एवढंच सांगितलं, "साहेब तुला पुण्याला न्हेणार हायत. शाळेत घालायला!"

पोरगी जी रडायला लागली! अडचण एकच. पुढचा सीन हसायचा होता.

*

आता शेवटचा सीन. अक्का रोज सेटवर ठाण मांडून बसलेली. तिच्यासमोर चंद्रीला मारणार कोण?

मी धापा टाकत गेलो. "अक्का, म्हस सुटली तुमची! रंकाळ्याकडं पळाली!"

अक्का पदर खोचून धावली.

इकडं बाबूलालभाईंनी चंद्रीला पोटभर दूध पाजलं. ती आडवी झाली, डोळे मिटले. शालन तिच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडली. पुण्याची आठवण करून दिली होती! आणि तेवढ्यात लांबून अक्काची हाक आली, "चंद्रेऽऽ!"

मेलेल्या चंद्रीनं एक कान टवकारला की राव!

फिल्मचं रीळ तेवढंच शिल्लक होतं. साहेब कपाळ धरून खाली बसले. मी म्हटलं, "राहू द्या साहेब. तिथवर बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी असतंय. कान कुणाला दिसतोय?"

हाक नंतर काढून टाकली, कान तसाच राहिला. पन्नास वर्षांत एकालाही दिसला नाही!

*

पुढं पेठेत हा सिनेमा दर मे महिन्यात लागायला लागला. अक्का पहिल्या रांगेत. शेवट जवळ आला की मी वाकून सांगायचो, "अक्का, म्हस सुटली!" अक्का पळायची. परत येईस्तोवर पडदा पांढरा.

"चंद्री घरला गेली न्हवं?"

"गेली की, अक्का!"

अख्ख्या जिल्ह्यात दरसाल मे महिन्यात सुटणारी म्हस तेवढी एकच असेल!

*

परवा हा सिनेमा धुऊन पुसून नवा केला आणि रविवारी सकाळी थेटरात लावला. अक्का आता पंच्याऐंशीची. शाल दिली, नारळ दिला, मधल्या खुर्चीत बसवली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शालन, आता ती पण आजी झालेली.

शेवट जवळ यायला लागला. शालननं मागून हात घालून मला ढोसलं, "मामा, काढा की भाईर त्यास्नी!"

मी वाकलो. "अक्का, म्हस सुटली."

"म्हशी इकून आठ वर्सं झाली," अक्का पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "बस गप."

चंद्री आडवी झाली. डोळे मिटले. थेटरभर हुंदके सुरू. शालन स्वतःलाच बघून रडायला लागली. मी मान खाली घातली. पन्नास वर्षांपूर्वीची शपथ आता भर थेटरात खोटी निघणार!

शेजारची खुर्ची करकरली. अक्का काठी टेकून उभी राहिली आणि थेटर दणाणून सोडलं, "चंद्रेऽऽ!"

पडद्यावर कान हलला.

अक्का सावकाश खाली बसली, काठीचा एक टोला माझ्या नडगीवर हाणला, आणि म्हणाली, "झोपलीया ती. उगंच रडाल्यात सगळी!"