पॉइंटमधला कागद

बाबांची जुनी मोटारसायकल त्यांच्या शेवटच्या आजारपणापासून दारात उभी होती. किक मारून मारून माझा पाय दुखला, तेव्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या निसारभाईंना बोलावलं. त्यांनी प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. मग बाजूचं झाकण उघडून ते हसले. "पोरी, पॉइंटमध्ये कागद आहे. पॉइंट पुसायला घालतात, पण मग काढतात ना, नाहीतर ठिणगी कशी पडणार!"

कागद आमच्याच घरी छापलेल्या पत्रकाचा होता. ती पत्रकं बाबा याच गाडीवरून कारखान्याच्या फाटकावर कामगारांना वाटायला न्यायचे.

"काढायचा विसरले असतील," मी म्हटलं.

"मी घातला होता," आई दारातून म्हणाली. "डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, तरी सभेला निघालेले."

ती सकाळ मला आठवते. दोन-तीन किक मारून बाबा पायरीवर बसले. "आता माझ्यातच जोर उरला नाही," म्हणाले. त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही.

माणसांनी उठून उभं राहावं म्हणून या घरात पत्रकं छापली गेली. अन्याय दिसला की मी नाव घेऊन लिहिते. पण हा चिटोरा मायेनं सारलेला. त्याच्याविरुद्ध कुठलं पत्रक काढू?

निसारभाईंनी कागद काढला, प्लग बसवला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आई तो आवाज ऐकत उभी राहिली.

"सांगायला हवं होतं गं त्यांना," ती म्हणाली.