तीन ग्रॅमची गाडी

दत्ताकाका मोहित्यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते श्रूजबरीतल्या आपल्या मुलीच्या घरामागच्या लाकडी डेकवर उभे राहून फोनवर कुणाला तरी झापत होते. “ह्यूस्टन सोडून दहा दिवस झाले आणि अजून अटलांटात पत्ता नाही? वाटेत करतोय काय हा?” मी शेजारी नवीन राहायला आले होते, म्हणून लाडवांचा डबा घेऊन ओळख करून घ्यायला गेले होते. मला वाटलं, यांचा कुणी भाचा ट्रक चालवत असावा. काकांनी फोन ठेवला आणि शांतपणे सांगितलं, “हमिंगबर्ड. वजन तीन ग्रॅम. लेट आहे.”

काकांनी कराडच्या बसस्टँडवर तीस वर्षं गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या. निवृत्तीनंतर मुग्धाने, म्हणजे मुलीने, त्यांना इकडे आणलं आणि इथे त्यांच्या हाताखाली एकही गाडी उरली नाही. मग त्यांना कळलं, की हा अंगठ्याएवढा पक्षी दर वसंतात दक्षिणेकडून समुद्र ओलांडून येतो आणि टप्प्याटप्प्याने उत्तरेला सरकतो. कुठे कधी दिसला ते लोक इंटरनेटवरच्या नकाशावर टाकतात. काकांचा नकाशावर विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःची माणसं नेमली आणि स्वतःची वही सुरू केली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत उभं राहून त्यांनी वाटेवरच्या गावांतले फोन नंबर गोळा केले. लोकांना वाटलं, कुणासाठी तरी स्थळं बघतायत.

ह्यूस्टनच्या गोखलेकाकूंनी पहिल्या वर्षी पक्ष्यांना साखरपाणी पाजायच्या फीडरमध्ये चक्क एकतारी पाक भरला. “वहिनी, पाखराला पाजायचंय, गुलाबजाम नाही सोडायचे,” काका म्हणाले. “एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. आणि वेलची नको.” वेलची गोखलेकाकूंनी घातलेली होतीच.

ज्याने पाहिला त्याच्याच नावावर नोंद, हा काकांचा नियम. आयसेलिनच्या सुहासने एकदा कळवलं, “काका, आज सकाळी आला. मी कॉलवर होतो, पण बायकोने पाहिला.” काका म्हणाले, “मग फोन तिच्याकडे दे.” तिची चांगली दहा मिनिटं तपासणी झाली. वहीत नाव तिचं लागलं आणि सुहास त्यावरून अजून धुसफुसतो.

श्रूजबरीच्या पानावर मात्र नऊ वर्षं एकच नाव होतं. मेच्या सुरुवातीला काका डेकवर बसायचे आणि पक्षी दिसेपर्यंत जेवायलासुद्धा आत जायचे नाहीत. मग त्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. समोर पाहिलं की मधोमध काळा ठिपका आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. “तुझे दोन्ही कान दिसतायत, नेहा,” ते मला म्हणाले. “तोंड दिसत नाही. चालतंय.” पण पक्ष्याच्या बाबतीत ते चालत नव्हतं. मुग्धा म्हणाली, “बाबा, आम्ही बघतो ना, तुम्ही फक्त लिहा.” त्यावर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. दहावी नोंद त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी हवी होती. ती होणार नाही हे आम्हाला कळत होतं आणि त्यांनाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी सांगतेय तो त्याआधीचा मे महिना.

आमच्या आधीच्या थांब्यावरून, आयसेलिनहून, फोन येऊन आठ दिवस झाले होते. गारठा होता म्हणून काका आपल्या बायकोने विणलेली लाल कानटोपी घालून बसले होते. मी लॅपटॉप घेऊन शेजारच्या खुर्चीत, कामाचं नाटक करत. अकराच्या सुमारास तो आला. फीडरकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ त्या लाल टोपीसमोर येऊन, काकांच्या नाकापासून वीतभर अंतरावर हवेत थांबला. बोलले तर उडेल म्हणून मी ओठ दाबून बसले.

“कोण फुंकतंय तोंडावर?” काका खेकसले.

आणि मग त्यांना कळलं. ते तसेच ताठ बसून राहिले. दोन-तीन सेकंदांत पक्षी गेला.

“काका, आला होता,” मी म्हटलं.

“मला दिसला नाही.” त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. “वेळ लिही. नर की मादी?”

“गळा लाल होता.”

“नर. नाव तुझं घाल.”

“पण काका, तो तुमच्यासमोर...”

“मला नुसता वारा लागला.”

मी माझं नाव लिहिलं. इतकं वाईट मला कुठेही सही करताना वाटलं नव्हतं. काकांनी वही मिटली आणि विचारलं, “कसा होता?” मी सांगितलं : पाठ हिरवी, गळा आधी काळा दिसला, जरा वळला तसा लाल झाला. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी, जाताना त्याने एकदा मागे वळून तुमच्याकडे पाहिलं, असं शेवटी घुसडलं. तसलं काही झालं नव्हतं. मला वाटलं, आता माझीही दहा मिनिटं तपासणी होणार.

काका म्हणाले, “ते शेवटचं परत सांग.”