ट्रायलला पाच माणसं

"नापास कर," इंगळे सर फोनवर म्हणाले. "काहीतरी कारण काढ. तुले तं सापडतेच."

मी बुलढाण्यात एका टपरीवर चहा पीत उभा होतो. सरांनी मला आठवीत विज्ञान शिकवलं होतं. तिमाहीला त्यांनी मला नापास केलं तेव्हा त्यांना कारण काढावं लागलं नव्हतं, मी पुरेशी कारणं लिहून दिली होती. आज तेच सर माझ्याकडे नापासाचा शेरा मागत होते. तोही स्वतःच्या मुलीने पसंत केलेल्या गाडीसाठी.

माझं काम जुन्या गाड्या तपासण्याचं. आधी एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं सुपरवायझर होतो, मग चिखलीत स्वतःचं सुरू केलं. कुणाला सेकंडहँड गाडी घ्यायची असेल तर मी ती आधी बघतो, चालवतो आणि एका पानाचा रिपोर्ट लिहून देतो. पास किंवा नापास, खाली कारण आणि सही. लोक माझ्या बोलण्यावर फारसे जात नाहीत, कारण मी बोलतो खूप. सहीवर मात्र जातात.

सरांची मुलगी प्रज्ञा भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी डॉक्टर. आमच्याकडच्या छोट्या दवाखान्यांत असा डॉक्टर कायमचा नसतो. ऑपरेशन ठरलं की फोन जातो आणि प्रज्ञा निघते. सकाळी चिखली, दुपारी बुलढाणा, संध्याकाळी देऊळगाव राजा. कधी एखादी बाळंतीण अडली की हातातला घास टाकून. तिची जुनी छोटी गाडी पंधरा दिवसांपूर्वी इंजिन बसून बंद पडली होती. तेव्हापासून दुसरबीडचे तिचे मामा तिला स्वतःच्या जीपमधून सोडत होते आणि वाटेत कोणती गाडी घ्यावी यावर सल्लाही देत होते. त्यातला सल्ला तिला जास्त जड जात होता.

तिने मला काय हवं ते आधीच सांगितलं होतं. मागे वेगळी डिकी असलेली सेडान, कारण भुलीच्या औषधांच्या आणि उपकरणांच्या दोन मोठ्या बॅगा कुलपात राहिल्या पाहिजेत. हाताने गिअर टाकायची. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर झेपेल अशी. शेवटची अट ऐकून मी फोन कानापासून लांब धरून पाहिला होता.

"आणि चालवायले मजा आली पाहिजे, काका."

सरांना ही अट कळली तेव्हा ते म्हणाले, "मजा? गाडी पाहून राह्यली का आकाशपाळणा?"

घरचं मत ठरलेलं होतं. उंच गाडी घ्यावी, ऑटोमॅटिक घ्यावी, म्हणजे क्लच नको की गिअर नको. खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. आपल्या रस्त्यांना उंच गाडी बरी, असं मी दिवसातून दोनदा तरी कुणाला तरी सांगतो.

प्रज्ञाने शोधलेली गाडी बुलढाण्यात बँकेतल्या एका साहेबांची होती. त्यांची बदली झाली होती. पेट्रोल सेडान, तीन वर्षं वापरलेली, सहा गिअर, टर्बो इंजिन. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जळतं आणि लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. असं इंजिन आणि वर हाताचा गिअर ही जोडी आता कमी दिसते. दमदार इंजिन घेणारे ऑटोमॅटिक घेतात. त्यामुळे अशी गाडी जुन्यात आली की टिकत नाही. जालन्याहून दुसरं गिऱ्हाईक चार वाजता येणार, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. मी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. मागोमाग मामांच्या जीपमधून प्रज्ञाचं सगळं घर आलं.

मी तपासायला लागलो. एक छोटं यंत्र असतं, ते पत्र्याला लावलं की रंगाचा थर किती जाड आहे ते कळतं. कुठे ठोकून पुन्हा रंगवली असेल तर थर जाड निघतो. चारही दारं, बॉनेट, छत, सगळीकडे सारखा. कॉम्प्युटरचा स्कॅनर लावला, तोही काही बोलेना. खाली झोपून पाहिलं, ऑइलचा एक थेंब नाही. मुलगी पाहायला आलेल्या खडूस आत्यासारखा मी पाऊण तास खोड शोधत होतो. शेवटी डिकीतला जॅक तेवढा धुळीने भरलेला सापडला.

"बघून झालं असेल तर चालवून बघा ना," साहेब म्हणाले.

आता ट्रायलची आमच्याकडची पद्धत सांगतो. आपल्याकडे गाडी बघायला एकटं कुणी जात नाही. घर जातं. आणि जे जातात ते सगळे ट्रायलला गाडीत बसतात, कारण बाहेर कुणाला ठेवलं तर त्याला वाईट वाटतं. चालवतो मी, कारण मला कळतं. माझ्या शेजारी मामा बसले, कारण त्यांनाही कळतं. मागे एका दाराशी सर, दुसऱ्या दाराशी वहिनी, म्हणजे प्रज्ञाची आई. प्रज्ञा मध्ये, गुडघे हनुवटीला लावून.

गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली. मामांनी एसी चारवर केला आणि सुरू झाले. "माह्या जीपले पाहा, अठरा वर्षं झाले, दाराचा आवाज अजून तसाच." वहिनींना सीट मऊ वाटली, पण ती फारच खाली आहे आणि आपले गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत, हे त्यांनी तीनदा सांगितलं. सर आरशात माझ्याकडेच बघत होते.

पुढच्या गावात एक स्पीडब्रेकर आहे. तो कुणी घातला माहीत नाही, पण मनापासून घातला आहे. मी गाडी दुसऱ्या गिअरला हळूच चढवली.

खर्रर्र.

"बाप्पा!" मामा म्हणाले.

आरशात सरांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला वाटलं, मुलगी एमडी झाली तेव्हा तरी ते एवढे खूश झाले होते का!

परत येऊन मी गाडी लावली आणि सांगून टाकलं, "प्रज्ञा, नापास. घासते गाडी. आपल्या रस्त्यांची नाही ही."

खोटं बोललो का? नाही. घासली होतीच, पाचही जणांनी ऐकलं होतं. तरी मला बरं वाटत नव्हतं.

प्रज्ञाने एकदाच गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे काका. लिहून द्या."

मी रिपोर्टचं पॅड काढलं. लिहिलं, गाडी खालून घासते.

"किती माणसं असताना, ते पण लिहा."

मी लिहिलं, पाच.

"मी रोज किती माणसं घेऊन जाते?"

मामांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"ही गाडी कोण चालवणार, काका?"

बावीस वर्षं मी गाड्यांच्या धंद्यात आहे. शेकडो ट्रायली घेतल्या असतील. रोज चालवणारं माणूस मागच्या सीटवर मध्ये कोंबून गाडीबद्दल निर्णय देतो आहोत, हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. बाई असेल तर हमखास मागे. मला माझीच लाज वाटली. मी पॅड मिटलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"बाकीचे चहा घ्या," मी म्हणालो.

"आम्ही काऊन नाही?" मामांनी विचारलं.

"मामा, तुमचं वजन एकट्याचं दीड माणसाचं आहे. चहा घ्या."

तिने आधी सीट पुढे घेतली, आरसे लावले, क्लच दोनदा दाबून तो कुठे पकडतो ते पाहिलं. मी यातलं काही केलं नव्हतं, सरांच्या चेहऱ्याच्या हिशोबानेच निघालो होतो. तोच रस्ता, तोच स्पीडब्रेकर. गाडी चढली आणि उतरली. आवाज नाही.

पुढे कापसाने भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. दोन्ही बाजूंनी गाठोडी बाहेर आलेली, अर्धा रस्ता त्याचा. अशा वेळी घाईने काढायला जाऊन लोक समोरच्यावर आदळतात. ती मागे थांबली, समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत. मग पाचव्यातून सरळ तिसरा टाकला. खालचा गिअर टाकला की इंजिन जास्त फिरतं आणि गाडी लगेच ओढायला लागते. ऑटोमॅटिकमध्ये हे गाडी ठरवते, कधीकधी सेकंदभर उशिरा. इथे ठरवणारी ती होती. ट्रॅक्टर मागे पडला, गाडी आपल्या बाजूला आली, आणि माझी पाठ सीटवरून हललीसुद्धा नाही. ती हसत होती. लहानपणी सरांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून जायची तेव्हा असं हसायची.

मग एकदम तिने हसणं थांबवलं आणि एसी बंद केला.

"काका, आवाज येऊन राह्यला."

"कशाचा?"

"घुंऽऽ असा. ऐका. आता उजवं वळण आहे, वाढते पाहा."

वळण आलं. बारीक घुंऽऽ होता तो जाडा झाला. रस्ता सरळ झाला तसा बसला. मी कान टवकारले. पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा तेच.

तो व्हील बेअरिंगचा आवाज होता. चाक ज्याच्यावर फिरतं त्या गोळ्यांची ती कडी असते. झिजली की गुणगुणते. उजव्या वळणाला वजन डाव्या चाकांवर येतं, म्हणून खराब बेअरिंग डावीकडचं. दुरुस्ती मोठी नाही, पण तसंच चालवत राहिलं तर चाक खेळायला लागतं आणि एखाद्या दिवशी वेगात दगा देतं. मघाशी याच रस्त्यावर, याच वळणावर मी स्वतः चाकामागे होतो. एसी चारवर होता आणि मामांची जीप अठराव्या वर्षात होती. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"तुले कसं ऐकू आलं बे?" मी विचारलं. डॉक्टरला बे म्हणू नये, पण तोंडून गेलं.

"दिवसाले पाच-सहा तास मी मॉनिटरची टिकटिक ऐकत असते, काका. पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की टिकटिकीचा सूर उतरते. पाहायले वेळ नसते कधी. कानानंच कळते."

आम्ही परत आलो. जवळच्या गॅरेजमध्ये जॅक लावून मागचं डावं चाक हाताने फिरवलं. हाताला खरखर लागली. साहेबांना दाखवलं. माणूस सरळ होता, म्हणाला, बदलून देतो, पण पाऊण तासात जालन्याचे लोक येतील, तुमचं काय ते आत्ता सांगा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर तर वर्गात बघायचे तसे.

मी पॅड उघडलं. आधीचं पान फाडलं आणि नवीन लिहिलं. पास. मागचं डावं व्हील बेअरिंग बदलल्यानंतरच ताबा घ्यावा. पाच माणसं बसल्यास मोठ्या स्पीडब्रेकरला घासते. सही केली आणि पान प्रज्ञाला दिलं. तिने तिथेच बयाणा देऊन गाडी ठरवली.

सरांनी मला बाजूला घेतलं. "मी काय सांगितलं होतं तुले?"

"सर, नापास करायले कारण लागते. जे होतं ते मले सापडलं नाही, ते तिलेच सापडलं."

"तुले समजत नाही. पोरगी घराबाहेर पडली की माह्या घशाखाली पाणी उतरत नाही. उंच गाडी असती तं..." त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे पाहिलं. "त्या ट्रकांमधी ही केवढीशी दिसते."

मला त्यांचं वाईट वाटलं. एवढे दिवस ते गाडीच्या उंचीवर भांडत होते आणि भीती वेगळीच होती. तेवढ्यात प्रज्ञा मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही काकांच्या आधी अजून दोन मेकॅनिकले फोन केले होते. दोघांनीही गाडी नापास केली."

सर गडबडले. "मग? दोघं सांगून राह्यले तं..."

"दोघांनी गाडी पाह्यलीच नाही. काकांनी निदान पाहून नापास केली."

यावर मी हसावं की रडावं ते मला कळेना. मी साहेबांकडे दुसऱ्या किल्लीची चौकशी करायला गेलो.

महिनाभराने सर माझ्या दुकानात आले. सोबत कुणी नव्हतं. बसले, पाणी प्यायले. प्रज्ञाबरोबर देऊळगाव राजाला जाऊन आलो, म्हणाले. शेजारच्या सीटवर बसून, जाऊन-येऊन.

"मग?" मी विचारलं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "चाळीस पोरं एका वर्गात असत. कोणाले काय येते ते मले आठ दिवसांत समजे. हिले गाडी एवढी चांगली येते, हे मी आता पाह्यलं. सात वर्षं झाले, चालवून राह्यली."

मी त्यांना अजून एक ग्लास पाणी दिलं. ते प्यायले.

तेव्हापासून ट्रायलला मी दोनच माणसं बसवतो. रोज चालवणार तो स्टिअरिंगवर, मी शेजारी, एसी बंद. बाकीच्यांनी चहा घ्यायचा. याने गिऱ्हाईकं तुटतात. परवाच एक कुटुंब सात जणांचं आलं होतं, ते रागावून गेलं. चालवणाऱ्या सूनबाई तेवढ्या जाताना दोनदा मागे वळून बघत होत्या. त्यांना मी माझं कार्ड द्यायला हवं होतं.