दहा मिनिटांची मुदत

रुग्णालयाच्या तळघरात मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पोस्टमास्तर म्हणत. बावीस वर्षं त्या पंख्यांच्या घरघरीत बसून माणूस तोऱ्यात आलेला. मोठ्या मेल तासन्‌तास अडकतात म्हणून एक्स-रे विभागातली तंत्रज्ञ बाई आठ महिने बोंब मारत होती. हा काय करायचा? दोन ओळींची चाचणी मेल पाठवायचा. ती चुटकीसरशी पोचायची. मग ‘सर्व्हर ठणठणीत, दोष तुमच्याकडे’ असं लिहून तक्रार निकालात. अहो, चिठ्ठी दारातून आत गेली म्हणून कपाटही जाईल का? पण याला कोण सांगणार!

त्या दिवशी सकाळी नऊला त्याच्या ताईच्या डोक्याचा स्कॅन झाला. आत गाठ होती. दूरच्या शहरातले मोठे सर्जन तीन वाजता पुढच्या आठवड्याची यादी ठरवणार होते, आणि चित्रं पाहिल्याशिवाय ते कुणाचंच नाव घेत नसत. चित्रं पाठवायची ती रुग्णालयाच्या मेलने किंवा हातोहात, असा नियम. भावोजी सीडी घेऊन दहाच्या बसने निघाले होते. यानेच त्यांना थांबवलं. कुठल्या जमान्यात आहात, म्हणाला, बटण दाबलं की पोचलं. भावोजी बिचारे सीडी घेऊन माघारी फिरले. त्यांचा मेहुण्यावर भारी विश्वास.

बारा वाजता सर्जनच्या मदतनिसाने फोनवर सांगितलं, काही आलेलं नाही. याने सवयीने चाचणी मेल पाठवली. ती लगेच पोचली. झालं! तुमच्याकडेच नीट शोधा, म्हणून हा मदतनिसावरच खेकसला. तो गरीब दीड तास शोधत बसला.

अडीच वाजले तरी तिकडे काही सापडलं नव्हतं. तेव्हा कुठे पोस्टमास्तरांनी पहिल्यांदाच सर्व्हरची नोंदवही उघडून ओळ न्‌ ओळ वाचली. ताईची मेल सात वेळा निघाली होती आणि सातही वेळा बरोबर दहाव्या मिनिटाला तुटली होती. एवढ्या फाइलला तेरा मिनिटं लागत होती. तुटली की अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांची मुदत कुणी घातली? यानेच, फार वर्षांपूर्वी, अडकलेल्या मेलनी वाट अडवू नये म्हणून. घातली आणि विसरला.

ती कुठे घातली होती ते सापडेपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं झाली. त्याने मुदत तासाभराची केली. मेल तेरा मिनिटांत सरळ निघून गेली. तीन पंचवीसला मदतनिसाचा फोन आला. मेल मिळाली होती, पण यादी भरली होती. पुढची जागा सहा आठवड्यांनी. सर्जननी चित्रं उभ्याउभ्या पाहिली होती. एवढे दिवस ही गाठ थांबायची नाही, असं ते म्हणाले होते.

पोस्टमास्तर वर आला तेव्हा बाकावर भावोजी बसले होते. त्यांनी विचारलं, पोचलं का? तो हो म्हणाला. सोमवारी निघायची तयारी करतो, म्हणत ते उठायला लागले, तेव्हा त्याने त्यांचा हात धरला.

“उशिरा पोचलं, भावोजी. यादी भरली. दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.”

आणि त्याने सगळं सांगितलं, सहा आठवडे, सर्जनचं बोलणं, सगळं. भावोजींनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“हिला कोण सांगणार?” त्यांनी विचारलं. “तू, की मी?”